उघडलेली फाईल मिटणार कोण?

शाळेच्या ग्रंथसंग्रहाची मोजदाद वहीऐवजीं संगणकावर करावी असें गेल्या वर्षीं ठरलें, व वरच्या वर्गांतील चार विद्यार्थ्यांनीं पायथन भाषेंत तिची आज्ञावली लिहून दिली. पहिल्या दिवशीं दोनशें पुस्तकें बिनतक्रार झालीं. दुसऱ्या दिवशीं सर्व संग्रह एकदम घेतला, तों हजाराच्या थोडें पुढें जातांच काम थांबलें, व फार फायली उघड्या असल्याचा संदेश पडद्यावर आला. यंत्र नवें होतें, स्मृतींत जागाही पुष्कळ होती. मग अडलें कोठें? मुलांनीं दोन दिवस खपून शोधलेलें कारण सर्वांस कळावें, म्हणून आम्ही तें येथें मांडतों.

हल्लींच्या बहुतेक संगणकभाषांत माहिती व तिच्यावर करावयाचीं कामें एकत्र बांधून त्यांचा एक 'ऑब्जेक्ट' करतात. आमच्या आज्ञावलींत प्रत्येक पुस्तक हा एक ऑब्जेक्ट होता. ऑब्जेक्ट जन्मतांना कांहीं साधनें मागून घेतो : स्मृतींतील जागा, एखादी फाईल, दुसऱ्या यंत्राशीं जोडणी. हीं त्याच्या मालकीचीं नव्हेत. ऑपरेटिंग सिस्टिमनें तीं उसनीं दिलेलीं असतात, आणि तिच्यापाशींही तीं मोजकींच. लिनक्सवर एका चालू आज्ञावलीस एका वेळीं १०२४ फायली, ही नेहमींची मर्यादा. २०१३ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला, त्या जालन्याच्या पालकांस मोजकें साधन म्हणजे काय हें आम्ही सांगावयास नको. आमचा प्रत्येक पुस्तक-ऑब्जेक्ट एक फाईल उघडी व ती कधींच मिटीत नसे.

येथें जाणता वाचक म्हणेल कीं, टाकून दिलेले ऑब्जेक्ट झाडून नेणारा सफाईवाला भाषेंतच असतो ना? असतो. जॉन मॅकार्थी यांनीं १९५९ च्या सुमारास लिस्प भाषेसाठीं ही युक्ति काढली. परंतु आमच्या मुलांनीं सर्व ऑब्जेक्ट एका यादींत धरून ठेवले होते, व धरलेल्या वस्तूस सफाईवाला हात लावीत नाहीं. शिवाय जावासारख्या भाषांत तो येतो तो स्मृति भरूं लागली म्हणजे. फायली संपल्याची त्यास वार्ताच नसते. जावांत ऑब्जेक्टानें जातांना करावयाचें शेवटचें काम लिहून ठेवण्याची सोय होती, पण तें केव्हां होईल याचा नेम नसल्यामुळें २०१७ सालीं ती त्याज्य ठरविण्यांत आली.

बियार्न स्ट्राउस्ट्रप यांच्या सी-प्लस-प्लस भाषेची रीत आम्हांस अधिक सरळ वाटते. आज्ञांचा एक गट संपला कीं, त्यांत जन्मलेले ऑब्जेक्ट तेथेंच नष्ट होतात, व प्रत्येकजण जातांना आपलीं साधनें परत करतो. तेंही जन्माच्या उलट क्रमानें. विहिरीवर आधीं दोर, मग दोरास पोहरा. सोडतांना पोहरा आधीं.

मुलांनीं प्रथम फाईल मिटण्याची आज्ञा कामाच्या शेवटच्या ओळींत लिहिली. तीही फसली! एका नोंदींत सनाच्या जागीं अक्षर पडलें होतें. चूक आढळतांच आज्ञावली मधूनच बाहेर पडली, व शेवटची ओळ वाचलीच गेली नाहीं. यावर पायथनमध्यें २००६ पासून 'विथ' ही रचना आहे. तिच्या आंत उघडलेली फाईल, काम नीट संपो वा मध्येंच मोडो, बाहेर पडतांना मिटतेच. जावांत अशीच सोय २०११ सालीं आली.

हा केवळ पोरखेळ नव्हे. जानेवारी २००४ मध्यें मंगळावर उतरलेल्या अमेरिकेच्या 'स्पिरिट' या गाडीचा संपर्क त्याच महिन्याच्या २१ तारखेस बिघडला. साठवणींत जुन्या फायली इतक्या सांचल्या होत्या कीं, त्यांची नुसती यादी ठेवण्यास लागणारी स्मृति पुरेना, आणि संगणक पुनःपुन्हां बंद होऊन सुरू होऊं लागला. येथें फायली उघड्या राहिल्या नव्हत्या, नको असतां ठेवलेल्या होत्या. पण जात एकच. पृथ्वीवरून आज्ञा धाडून साठवणीस न शिवतां गाडी सुरू करण्यांत आली, फायली पुसल्या, व फेब्रुवारींत ती पुन्हां कामास लागली.

आमची सुधारलेली आज्ञावली एका दुपारांत सर्व संग्रह मोजून मोकळी झाली. सात पुस्तकें कमी भरलीं. तीं कोणाच्या घरीं उघडीं पडलीं आहेत, हें मात्र तिला सांगतां आलें नाहीं.