शिखरे समोर, पाय सपाटीवर

यजमानांना बर्फाच्छादित शिखरे पाहण्याची जुनी हौस; पण फुप्फुसांचा विकारही तितकाच जुना. फार उंचीवर जाऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून फ्रान्समध्ये आम्ही पिरेनीज पर्वतानजीकचे पो हे शहर निवडले. समुद्रसपाटीपासून ते जेमतेम दोनशे मीटर उंच, म्हणजे आपल्या पुण्याहूनही सखल.

रेल्वे स्थानक खाली नदीकाठी आणि जुने शहर वर कड्यावर. तो चढ पाहूनच माझा धीर खचला. पण १९०८ पासून येथे रुळांवरून वर खेचला जाणारा छोटा डबा आहे, आणि तोही विनामूल्य! वर पाऊल टाकताच बुलवार दे पिरेने हा जवळजवळ दोन किलोमीटरचा सपाट रस्ता लागतो. काठीवाल्यांना याहून सोयीची वाट मी पाहिलेली नाही.

१८४२ मध्ये अलेक्झांडर टेलर या स्कॉटिश डॉक्टरांनी येथील सौम्य, निवांत हवेचे गुण गाणारे पुस्तक लिहिले आणि इंग्लंडहून क्षयरोग्यांची रीघ लागली. हवेने क्षय बरा होत नाही, हे पुढे कळले. त्यावरील पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले. हवापालटाने मन हलके होते, हे खरे. परंतु त्या भरवशावर औषधे थांबवू नयेत. श्वासाची औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी मी हातातल्या पिशवीतच ठेवली होती.

चौथा हेन्री १५५३ मध्ये ज्या किल्ल्यात जन्मला, तेथे त्याचा पाळणा म्हणून कासवाची भलीमोठी पाठ दाखवतात. आम्ही किल्ला बाहेरूनच पाहिला. जिने टाळण्यात कसली आली लाज?

पहिले दोन दिवस ढगांनी पर्वत झाकलेला. यजमान अस्वस्थ झाले. पीक दु मिदी द बिगोर या २,८७७ मीटर उंच शिखरावर तारेवरून पाळणा जातो, त्याचीच भुणभुण त्यांनी लावली. "बसूनच तर जायचे!" मी ठाम नकार दिला. पाय चालोत वा न चालोत, वरची हवा विरळच असते. त्या रात्री आमचे बोलणे झाले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश निवळले. कठड्यावरील पट्ट्यांवर शिखरांची नावे व उंची लिहिलेली आहे. यजमान त्या एकेक वाचत, मधल्या बाकांवर टेकत पुढे सरकत होते. मध्येच थांबून त्यांनी मला हाक मारली, "अगं, इकडे ये, हे बघ."