भिवंडीतला शांत डिसेंबर

६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. दोन महिन्यांतल्या त्या दंगलींत ९०० माणसे मारली गेली, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. ठाण्यापलीकडची भिवंडी मात्र शांत राहिली. भिवंडीचा इतिहास ठाऊक असलेल्यांना यावर विश्वास ठेवणे जड गेले असेल. १९७० साली ७ मे रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत याच गावात दंगल उसळली आणि जळगाव, महाडपर्यंत पसरली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा जळाली.

पोटापाण्याने जोडलेली माणसे भांडत नाहीत, असे आपण सहज म्हणून जातो. भिवंडीत यंत्रमागांच्या गल्लीत उभे राहावे. खडखडाटात शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही, कामगार हाताच्या खुणांनी बोलतात. सूत देणारा व्यापारी गुजराती किंवा मारवाडी, कारखाना मोमीन अन्सारी मुसलमानाचा, मागावर उत्तर प्रदेशातला किंवा तेलंगणातला माणूस. एकाचे अडले तर सगळ्यांचे अडते. पण हे माग १९७० लाही चालत होते आणि १९८४ लाही. तेव्हा धंद्याने दंगल थांबवली नाही.

मग मधल्या काळात बदलले काय? १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, सुमारे ७०. शांतता समित्या आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. सण जवळ आला की पुढारी, प्रतिष्ठित मंडळी चौकीत जमतात, चहा होतो, फोटो निघतो. खोपड्यांनी पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी माणसे घेतली, हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांची, आणि सोबत त्या भागातला पोलीस. बैठका सणावारापुरत्या नव्हत्या. तुंबलेले गटार, नळावरचे भांडण, नवरा-बायकोची तक्रार, असले विषय तिथे येत. माझ्या मते सगळे मर्म या क्षुल्लक विषयांत आहे. गटारासाठी महिनोन्‌महिने एकत्र बसलेल्या माणसाला अफवेच्या रात्री, खरे काय ते विचारायला कुणाचे दार ठोठावायचे हे ठाऊक असते.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी अलीगढ-कालिकतसारख्या शहरांच्या जोड्या तपासून २००२ च्या पुस्तकात असेच मांडले: नुसता शेजार मोठ्या शहरात तणावाला पुरा पडत नाही, दोन्ही समाज ज्यांत एकत्र काम करतात अशा संघटना लागतात. मुंबईतही दंगलीनंतर माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि पोलीस अधिकारी सतीश साहनी यांनी मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू केली.

पण अशी रचना जपावी लागते. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, बैठका विरळ होतात. जुलै २००६ मध्ये भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद चिघळला. एका जागेचा प्रश्न, समितीत बसून बोलण्याजोगा. पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले. त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांना ठार केले.