पडद्यावरील नेताजी आणि भाचीचा प्रश्न

श्याम बेनेगल यांचा नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्यावरील हिंदी चित्रपट 2005 साली प्रदर्शित झाला. नेताजींची भूमिका आपल्या सचिन खेडेकर यांची. यंदाच्या नेताजी जयंतीस, 23 जानेवारीला, भोपाळमधील आम्ही काही मराठी कुटुंबांनी तो एकत्र बसून पाहिला. तीन तासांहून अधिक लांबीचा चित्रपट संपला आणि चहाबरोबर मतांची देवाणघेवाण सुरू झाली.

वडीलधाऱ्यांस जानेवारी 1941 मधील कलकत्त्याहून झालेले वेषांतरित प्रयाण रोमहर्षक वाटले. स्त्रियांना भावली ती 1943 मध्ये सिंगापुरात उभी राहिलेली झाशीची राणी रेजिमेंट; तांब्यांच्या मनूचे नाव तेथवर पोहोचले, याचे त्यांना अप्रूप वाटले. एमिली शेंकल यांच्याशी झालेल्या विवाहाचे चित्रण मात्र एका काकांना रुचले नाही.

इतक्यात दहावीतील भाचीने विचारले, “मामा, 1942 मध्ये नेताजी हिटलरला भेटले. तो कसा माणूस आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं का?”

“शत्रूचा शत्रू तो मित्र,” मी ठरीव उत्तर दिले.

“आणि हिटलरनं ज्यांना मारलं, त्यांचं काय?”

सारे स्तब्ध झाले. इतकी वर्षे अध्यापन करूनही मला उत्तर सुचले नाही. चित्रपटाने ती भेट झाकून ठेवलेली नाही. टाळत आलो ते आपण. नेताजींविषयी माझा आदर तिळभरही उणावलेला नाही. परंतु शाळेत हा चित्रपट दाखवीन, तेव्हा प्रश्नांसाठी अर्धा तास अवश्य राखून ठेवीन.