दात गेल्यावर : कवळी, ब्रिज की इम्प्लांट?

महाड तालुक्यातील शिवथर म्हटले की घळ, धबधबा आणि समर्थ रामदासांचा दासबोध आठवतो. या खोऱ्यातील ताटात मात्र तांदळाची आणि नाचणीची भाकरी असते. दाढा गेलेल्या वृद्धांना प्रथम हीच भाकरी सोडावी लागते. पाठोपाठ शेंगदाणे आणि फळेही सुटतात. उरतात पेज आणि मऊ भात. घरची माणसे ‘वयोमानाने आहार कमी झाला’ असे समजतात. पुष्कळदा भूक तशीच असते. चावण्याचे साधन तेवढे गेलेले असते.

गेलेल्या दातांच्या जागी नवे दात बसविण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला कवळीचा. सर्व दात गेले असतील तर पूर्ण कवळी, काही शिल्लक असतील तर अर्धवट. ती बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते. दात काढल्यावर हिरडी स्थिरावण्यास काही आठवडे ते काही महिने लागतात. त्यानंतर मापे घेणे, मेणावर दात लावून पाहणे आणि प्रत्यक्ष बसविणे, अशा चार-पाच फेऱ्या होतात. वरची कवळी टाळूच्या आधाराने टिकते. खालच्या कवळीला आधार थोडा आणि जिभेचा धक्का सततचा. म्हणून ती अधिक हलते.

दुसरा मार्ग ब्रिजचा. एक-दोनच दात गेले असतील आणि शेजारचे दात भक्कम असतील तर हा उपयोगी. तो काढावा लागत नाही; परंतु त्यासाठी शेजारचे चांगले दात घासून लहान करावे लागतात.

तिसरा मार्ग इम्प्लांटचा. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात लावतात. स्वीडनमधील ब्रॉनेमार्क यांनी 1965 मध्ये हा उपचार प्रथम एका रुग्णावर केला. हाडाशी स्क्रू एकजीव होण्यास साधारण तीन ते सहा महिने लागतात. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखू-मिश्रीचे व्यसन असेल तर अपयशाचा धोका वाढतो. खालची कवळी दोन इम्प्लांटवर अडकविण्याचा मध्यम मार्गही आहे; 2002 मध्ये कॅनडातील मॉन्ट्रिअल येथे तज्ज्ञांनी त्याची शिफारस केली होती.

पहिल्या बिलात कवळी सर्वांत स्वस्त आणि इम्प्लांट सर्वांत महाग दिसते. पण खरा हिशेब पुढील वर्षांचा आहे. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत राहते, कवळी सैल होते, आतून भरून घ्यावी लागते आणि काही वर्षांनी बदलावी लागते. शिवथरच्या वृद्धासाठी प्रत्येक फेरी म्हणजे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी. मुंबईतील नायर किंवा शासकीय दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात दर कमी असले, तरी प्रवासाचा खर्च त्यात धरलाच पाहिजे.

म्हणून निर्णयापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : एकूण फेऱ्या किती? सैल झाल्यास दुरुस्ती जवळ कोठे होईल? थरथरत्या हातांना ती काढता-घालता येईल का? हे प्रश्न मुलाने परस्पर विचारून संपवू नयेत. ज्यांच्या तोंडात दात बसणार, त्यांचे मत आधी घ्यावे.

कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवावी, मऊ ब्रशने धुवावी. गरम पाण्याने ती वाकडी होते. आरंभी लहान घास दोन्ही बाजूंनी सावकाश चावावेत. कडक खाकरा आणि भाकरीचा पापुद्रा यांना थोडे दिवस थांबवावे. हिरडीला फोड आला तर घरी कानशीने घासू नये. डॉक्टरांकडूनच नीट करून घ्यावी. एवढा धीर धरला, तर बहुतेकांच्या ताटात भाकरी पुन्हा परतते.