कोल्हापूरच्या चित्रवैभवाचीं कागदी साधनें

सनदा, महजर, बखरी व शकावल्या यांच्या शोधांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या आमच्या वाचकांस सिनेमाच्या जाहिरातीचा कागद हें ऐतिहासिक साधन म्हणून पुढें केलेलें पाहून किंचित् नवल वाटेल. परंतु कोल्हापुरांत १९२० ते १९३३ या अल्प अवधींत जें चित्रपट-वैभव नांदलें, त्याचीं मूळ चित्रें बहुतेक नष्ट झालीं असल्यामुळें त्याचा इतिहास आतां मुख्यतः कागदांवरूनच लिहावा लागणार आहे. हे कागद कसे पारखावे व त्यांवरून काय सिद्ध होतें, हें थोडक्यांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम मूळ हकीकत. आनंदराव व बाबूराव मेस्त्री हे दोघे नात्यानें बंधु. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत, त्यावरून त्यांस ‘पेंटर’ हें नांव पडलें. फाळके यांचें ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं निघाल्यावर या दोघांनीं स्वतःचा कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ सालीं वारले. पुढें बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साह्यानें तें काम तडीस नेलें व गायिका तानीबाई कागलकर यांच्या द्रव्यबळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. तिच्या स्थापनेचें साल छापील ग्रंथांत एकच मिळत नाहीं. असल्या वादाचा निकाल जमाखर्चाची एखादी वहीच लावूं शकेल. तिचें पहिलें चित्र ‘सैरंध्री’ पुण्यास आर्यन सिनेमांत शनिवार ता. ७ फेब्रुवारी १९२० रोजीं लागलें.

या चित्रांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या. रंगभूमीवर बालगंधर्वांचा स्त्रीवेष हाच सौंदर्याचा मानदंड असतां, गुलाबबाई व अनसूयाबाई या पडद्यावर आल्या त्या अनुक्रमें कमलादेवी व सुशीलादेवी या नांवांनीं. तेव्हां जाहिरातींत ‘कमलादेवी’ व खाजगी कागदांत ‘गुलाबबाई’ असें आढळल्यास त्या दोन निराळ्या व्यक्ति समजूं नयेत. पडद्यावरील झगमगाट एका नांवाचा आणि संसार दुसऱ्या नांवाचा, अशी ही जोडी आहे.

कंपनींतील जीवन जाहिरातींत दिसतें तितकें विलासी नव्हतें. तेथील व्यवस्था एखाद्या तालमीसारखी असे. उमेदवारानें पडेल तें काम करावें व वस्तादाच्या हाताखालीं शिकावें. व्ही. शांताराम हे १९२३ च्या ‘सिंहगड’ चित्रांत शेलारमामा झाले आणि १९२५ च्या ‘सावकारी पाश’ चित्रांत नागवला गेलेला शेतकरी झाले. दामले व फत्तेलाल हे तर मूळचे याच चित्रशाळेंतील शिष्य. या मंडळींनीं धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह ता. १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांतच प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. तिनें १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला व १९३३ सालीं आपलें बिऱ्हाड पुण्यास हलविलें.

आतां कागदांची पारख. बाबूराव स्वतः भित्तिपत्रकें रंगवीत, आणि चित्राची माहिती व छायाचित्रें असलेल्या पुस्तिकाहि कंपनी प्रेक्षकांस वांटीत असे. यांचा काल ठरवितांना पहिला धोका नामसादृश्याचा. ‘सैरंध्री’ १९२० चें मूक, तसें १९३३ चें बोलकें. ‘सिंहगड’ १९२३ चें व १९३३ चें. ‘सावकारी पाश’ १९२५ चें व १९३६ चें. पत्रकांत पदें किंवा गायकांचा उल्लेख असल्यास तें मूकपटाचें नव्हे. दुसरी खूण स्थळाची: प्रभातच्या कागदावर कोल्हापूर असल्यास तो सामान्यतः स्थलांतरापूर्वींचा समजावा. तिसरी खूण वाराची. पत्रकांत वार व तारीख असून साल नसल्यास जंत्री काढावी. ‘सैरंध्री’च्या पत्रकावर शनिवार ७ फेब्रुवारी असल्यास तें १९३३ चें असणें अशक्य, कारण त्या वर्षीं त्या तारखेस मंगळवार होता. मात्र तोच वार १९२५ व १९३१ सालींहि येतो. म्हणून जंत्रीचा पुरावा एकटा पुरेसा मानूं नये.

पत्रकांतील स्तुतीविषयीं इतकेंच सांगणें कीं, बखरींतील फौजेच्या आंकड्यांस आपण जो न्याय लावतों तोच येथें लावावा. ‘अलोट गर्दी’ या शब्दांवरून मालकाची इच्छा सिद्ध होते, गर्दी सिद्ध होत नाहीं.

हें सर्व आज सांगण्याचें कारण अग्नि. त्या काळची फीत नायट्रेटची, म्हणजे अत्यंत ज्वालाग्राही. ‘सावकारी पाश’चें मूकचित्र आज उपलब्ध नाहीं. भालजी पेंढारकर यांचा कोल्हापुरांतील स्टुडिओ १९४८ च्या गांधीवधोत्तर जाळपोळींत सांपडला. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिती, त्यांत प्रभातच्याहि, ता. ८ जानेवारी २००३ रोजीं जळाल्या. शाहू महाराजांनीं बांधविलेलें व १९१५ सालीं पुरें झालेलें पॅलेस थिएटर, पुढील केशवराव भोसले नाट्यगृह, ता. ८ ऑगस्ट २०२४ रोजीं भस्मसात् झालें.

तेव्हां आमच्या संग्राहक मित्रांस विनंति अशी कीं, जुन्या पेटाऱ्यांत असा कागद निघाल्यास त्यांतील चित्र कापून चौकटींत लावूं नये. पाठकोरी बाजू तपासावी, कारण हिशेबाचें टांचण पुष्कळदां तेथेंच असतें. आणि तो कोठें व कोणत्या कागदांबरोबर मिळाला हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. ज्या दप्तराची जागा हरवली, त्याची अर्धी साक्ष हरवली, हें आपण मोडीच्या रुमालांवरून शिकलोंच आहों. मूळ चित्र जेथें उरलें नाहीं, तेथें हा एक कागद हाच काय तो साक्षीदार.