पवित्र आणि स्वच्छ : घाटावरचे दोन शब्द

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, तत्त्वज्ञानाचा रोजच्या जगण्याशी संबंध काय?" म्हणून आज तुम्हाला नाशिकला, गोदावरीच्या रामकुंडावर घेऊन जातो.

एक गृहस्थ बाहेरगावाहून आलेत. पायऱ्या उतरतात, आधी नदीला हात जोडतात, मग डुबकी मारतात. बाहेर येऊन कपडे बदलतात आणि शांपूची पुडी, पाण्याची बाटली, जुना पंचा तिथंच पायरीवर सोडून निघून जातात. आपण चटकन म्हणतो, ढोंगी माणूस! मला तसं वाटत नाही. त्यांची श्रद्धा खरी आहे. गोंधळ आहे तो दोन शब्दांचा.

'पवित्र' आणि 'स्वच्छ' हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. पण पावित्र्य हा श्रद्धेचा विषय आहे. भाविकाच्या लेखी ते नदीचं स्वतःचं आहे, आपल्यामुळे ते कमी होत नाही. स्वच्छता ही पाण्याची आणि पायरीची अवस्था आहे, ती माणसांच्या वागण्यावर ठरते. "जी गंगामाई पाप धुते, तिला एका पिशवीचं काय?" हा युक्तिवाद इथंच फसतो. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ च्या आपल्या ग्रंथात अशा चुकीवर बोट ठेवलं होतं: एका वर्गातली गोष्ट दुसऱ्या वर्गात घालायची आणि वर अनुमानं काढायची. पाप विरघळत असेल, प्लास्टिक विरघळत नाही.

आता रूढीकडे बघा. नदीत सोडायचं ते काय होतं? फुलं, पानांचा द्रोण, मातीची पणती. वस्तू बदलल्या, हाताची सवय तीच राहिली.

हे मी दुसऱ्यांबद्दल बोलत नाहीये. आईच्या अस्थी घेऊन गेलो होतो, तेव्हा विधी झाल्यावर हार-फुलांची पिशवी मी गाठ मारून तशीच पाण्यात सोडली. घाट झाडणाऱ्या एक बाई शेजारी उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "दादा, फुलं सोडा की. पिशवी तेवढी हातात ठेवा. ती शेवटी आम्हालाच काढावी लागते." चाळीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलेला माणूस मी! उत्तर सुचलं नाही.

कारण माझ्या मनात 'कुणीतरी उचलेल' हे गृहीत होतं. आणि आपल्या समाजात हा 'कुणीतरी' कोण, हे जातीने ठरवून ठेवलेलं आहे. कचऱ्याच्या प्रश्नाचं मूळ मला इथं दिसतं. पंढरपुरात गाडगेबाबा हातात खराटा घेऊन घाट झाडत, तो या गृहीतावरच घाव होता.

मग नुसता उपदेश करायचा का? नाही. अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९९० साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचेवर जाहिरातीचे कागद लावले. जिथं आधीच कचरा पसरलेला होता, तिथं लोकांनी तो कागद जास्त प्रमाणात खाली टाकला. म्हणजे माणूस पाटी कमी वाचतो, जमीन जास्त वाचतो. त्यामुळे पहाटे, गर्दीच्या आधी घाट झाडलेला असणं फार मोलाचं. कचरापेटी रस्त्यावरच्या कमानीपाशी नको, जिथं माणूस कपडे बदलतो तिथं हवी. निर्मालयाचा कलश नजरेसमोर हवा, आणि तो भरून वाहायच्या आत रिकामा व्हायला हवा. ही व्यवस्थेची जबाबदारी झाली, ती नगरपालिकेने आणि महापालिकेने घ्यावी.

पण पिशवी हातात ठेवायची की सोडायची, हा निर्णय कुठलीही व्यवस्था आपल्यासाठी घेऊ शकत नाही. बारा वर्षांनी सिंहस्थ येतो. आपण मात्र दर सुट्टीत कुठल्या ना कुठल्या नदीवर जातो. पुढच्या वेळी स्नान करून वर आलात, की एकदा मागे वळून पायरीकडे बघा. तिथं आपलं काय राहिलंय?

तिथूनच नीतिशास्त्र सुरू होतं.