अंगणातलं पाणी, लेखांक ५ : अॅसिड टाकूनही पीएच का चढतो?

मार्च सरत आला की वर्ध्यात घरोघर कूलर बाहेर निघतात. मागच्या उन्हाळ्यातल्या ताट्यांवर पांढरा, खरबरीत थर असतो. नखानं खरवडला तर चुन्यासारखा भुगा पडतो. हा थर ज्या कारणानं बसतो, त्याच कारणानं शेतघरातल्या पोहण्याच्या टँकचा पीएच चढतो. आजचा लेखांक त्यावरच आहे, कारण मागच्या आठवड्यात क्लोरिनबद्दल लिहिल्यावर भेटेल तो एकच विचारत होता : सोमवारी अॅसिड टाकलं, गुरुवारी पीएच पुन्हा ८.२. असं का?

माती परीक्षणाच्या अहवालात आपण ज्याला सामू म्हणतो तोच हा पीएच. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये तो मांडला. त्यातला एक अंक म्हणजे दहापट फरक. टँकमध्ये तो ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा. आपल्या अश्रूंचा पीएच ७.४ च्या आसपास असतो, त्यामुळे डोळ्यांनाही हेच पाणी मानवतं. पण डोळ्यांपेक्षा मोठी अडचण क्लोरिनची. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात पीएच ७.५ असताना निम्मा क्लोरिन जंतू मारणाऱ्या रूपात असतो. ८.२ ला तोच जेमतेम सहावा हिस्सा उरतो. क्लोरिन तेवढाच, पैसे तेवढेच, काम मात्र एक तृतीयांश. लहान मुलं डुंबणार असतील तर हे हलक्यात घेऊ नका.

आता कारण. आपला जिल्हा बहुतेक सगळा काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेला. पाऊस काळ्या मातीतून खाली मुरतो तेव्हा मुळांनी आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतो. हे किंचित आंबट पाणी खडकाला झिजवतं आणि त्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट घेऊन विहिरीत, बोअरमध्ये येतं. पाण्यातल्या या बायकार्बोनेटच्या साठ्याला अल्कलिनिटी म्हणतात. जमिनीखाली वायू दाबून धरलेला असतो, म्हणून बोअरचं ताजं पाणी सामूला शहाणं दिसतं. उघड्यावर आलं की वायू उडून जायला लागतो, आणि वायू गेला की पीएच चढतो.

पटत नसेल तर घरी करून पाहा. बोअरचं ताजं पाणी पेल्यात घ्या, थोडं बाजूला काढून त्यात पीएच तपासायच्या फिनॉल रेडचे थेंब टाका, रंग लक्षात ठेवा. उरलेलं पाणी चहा निववतो तसं दोन पेल्यांमध्ये वीस-पंचवीस वेळा वरखाली करा आणि पुन्हा थेंब टाका. नारिंगी छटा गुलाबी-लालकडे सरकलेली दिसेल. पाण्यात तुम्ही काहीही मिसळलेलं नाही, फक्त वायू गेला. कूलरच्या ताटीवरून थेंब थेंब उतरणाऱ्या पाण्याचंही हेच होतं, आणि टँकला हौसेनं बसवलेल्या धबधब्याचंही. मला विचाराल तर तो धबधबा पाहुणे आल्यावरच चालू करावा.

लोक दोष देतात सोडियम हायपोला, म्हणजे द्रव क्लोरिनला. हायपो टाकल्यावर पीएच वर जातो हे खरं, पण क्लोरिन काम करून संपतो तेव्हा तेवढंच आम्ल परत तयार होतं, त्यामुळे हिशेब जवळजवळ फिटतो. नव्या सिमेंट प्लास्टरचा टँक मात्र सुरुवातीचे काही आठवडे पीएच खरोखर चढवतो, तिथे धीर धरावा लागतो.

खरा चोर भरतीच्या पाण्यात आहे. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल, असा ४०,००० लिटरचा टँक धरा. मेच्या उन्हात रोज एक सेंटीमीटर पाणी उडालं तर ३२० लिटर होतं. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. तूट आपण बोअरनं भरतो. बोअरची अल्कलिनिटी ३०० पीपीएम असेल तर रोज ९६ ग्रॅमची भर पडते. महिन्याला जवळजवळ तीन किलो, म्हणजे टँकमध्ये ७२ पीपीएम वाढ. पीएच दिसतो, ही वाढ दिसत नाही, आणि अॅसिड टाकलं की याच साठ्यातून वायू सुटून पीएच पुन्हा चढतो.

म्हणून पीएचच्या मागे धावू नका, आधी अल्कलिनिटी उतरवा. हायपो वापरणाऱ्यांनी ती ६० ते ८० पीपीएमवर ठेवावी. एवढ्या टँकची अल्कलिनिटी १० पीपीएमनं उतरवायला सुमारे ३१ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक अॅसिड ८०० मिली लागतं. एकदम ओतू नका. थोडं थोडं टाकून पीएच ७.२ पर्यंत आणा, मग पंप आणि तोच धबधबा चालवून वायू उडू द्या. पीएच वर येईल, अल्कलिनिटी खालीच राहील. पुन्हा अॅसिड. दोन-तीन फेऱ्यांत पाणी शांत होतं, आणि मग आठवडाभर पीएच फारसा हलत नाही. संडास धुण्याचं अॅसिड यासाठी घेऊ नका. ते बऱ्याचदा पातळ केलेलं आणि रंग घातलेलं असतं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. अॅसिडचा मग आणि हायपोचा मग वेगळे ठेवा, कॅनही वेगवेगळ्या कोपऱ्यांत. दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू निघतो, आणि बंद पंपघरात तो जीव घेऊ शकतो. बादलीत आधी पाणी, मग अॅसिड, उलट कधीच नाही. हातमोजे, चष्मा, वाऱ्याकडे पाठ. पंप चालू ठेवा आणि काही तास कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका.

उरलं भरतीचं पाणी. वर्ध्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या छतावर तो सुमारे एक लाख लिटर होतो, आणि पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी जवळजवळ नसतेच. नुसत्या पावसाच्या पाण्यावरही टँक ठेवू नये, इतकं मऊ पाणी सिमेंट खातं. निम्मं बोअरचं, निम्मं छताचं, हा मेळ चांगला बसतो. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी वाहून जाऊ द्या. पन्हाळीला पाइप मात्र मेमध्येच जोडून घ्या, मृग लागल्यावर मिस्त्री मिळत नाही.